मदत हवी आहे: ब्रॅडीरायझोबियमच्या टाइप थ्री स्रावातली प्रथिने कशी वेगळी करावीत?

नमस्कार. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतून ब्रॅडीरायझोबियम या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूचे दोन आयसोलेट (वेगळे काढलेले प्रकार) मिळाले आहेत. पहिला आमच्याकडच्या सगळ्या वाणांवर गाठी धरतो, दुसऱ्याला एक वाण जवळपास नाकारतो. आरजे४ जनुक असलेलं सोयाबीन यूएसडीए६१ या ब्रॅडीरायझोबियमच्या स्ट्रेनला असंच रोखतं आणि जिवाणूची टाइप थ्री यंत्रणा (झाडाच्या पेशीत प्रथिने सोडणारी सुईसारखी रचना) बंद पाडली की त्याच मुळावर गाठी येतात, हे माहीत असल्याने संशय तिथेच आहे.

पीसीआरमध्ये ही यंत्रणा चालू करणारं टीटीएसआय जनुक दोघांतही दिसलं. पण जनुक असणं म्हणजे यंत्रणा चालू असणं नव्हे, म्हणून १० मायक्रोमोलर जेनिस्टीन (सोयाबीनच्या मुळांतलं, ही यंत्रणा जागी करणारं रसायन) देऊन (कंट्रोलला नुसतं मेथनॉल) जिवाणू खाली बसवल्यावर उरलेला वरचा द्रव टीसीएने (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने) साकळवला. हाती आला तो शेंबडासारखा चिकट गोळा! माध्यम यीस्ट-मॅनिटॉल, त्यामुळे बाहेरची पॉलिसॅकराइड भरपूर. जेलवर नुसता पट्टा पसरतो. जास्त वेगाने सेंट्रिफ्यूज करूनही फरक नाही.

म्युटंट करायची सोय नाही, मास स्पेक्ट्रोमेट्रीही नाही. फक्त पीसीआर, साधं जेल आणि कुंड्या.

आधी माध्यम बदलून अरॅबिनोज-ग्लुकोनेट घ्यावं, की आहे त्याच द्रवावर फिनॉल एक्स्ट्रॅक्शन (प्रथिने फिनॉलमध्ये ओढून घेणं) करावं? आणि या मंद वाढणाऱ्या जिवाणूत जेनिस्टीन दिल्यावर किती तासांनी द्रव काढता?