मदत हवी आहे: मंडईत प्रदर्शन लावतोय, पण कोण कोणाचं कोण हे भिंतीवर कसं सांगायचं?

पडदेवाला

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवतो. रंगवायचो म्हणा, कारण आता बहुतेक काम फ्लेक्सवर गेलंय. राजमहाल आणि जंगल तेवढं अजून कोणीकोणी हाताने मागतं.

आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. बाहेरच्यांसाठी सांगतो: भाजीबाजार नव्हे. दिवसा दंडार (नाच-गाणी-सोंगांचा लोकखेळ), खेळणी-मिठाईची दुकानं, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. त्याच गर्दीत सोयरिकीही जुळतात. यंदा मंडईच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या बंद राईस मिलच्या गोदामात आम्ही सात जण चित्रप्रदर्शन लावतोय. सातही जण क्वीअर आहोत, म्हणजे कोणी समलिंगी, कोणी ट्रान्स.

आता अडचण. या सात जणांना कोणी जाहिरात देऊन गोळा केलेलं नाही. मी माझ्या माणसाला विचारलं, तो भद्रावतीकडे मातीकाम शिकला. त्याने नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयातल्या वर्गमैत्रिणीला ओढलं, ती लाकूडठसे काढते. तिची जोडीदारीण कोशाच्या (टसर रेशमाच्या) कापडावर भरतकाम करते आणि शाळेत नोकरीला आहे. पुढची एक ट्रान्स बाई, गडचिरोलीकडची. लहानपणी दंडारीत बाईचं सोंग करायची, तेव्हा गाव शिट्ट्या मारायचं. पुढे सोंग उतरवलंच नाही तेव्हा त्याच गावाने दार लावलं. ती वहीच्या कागदावर खडूने काढते, आणि खरं सांगतो, आमच्यात सगळ्यात भारी तीच आहे. तिने मानलेल्या भावाला आणलं, तो बांबूचं करतो. सातवा नागपूरचा फोटोग्राफर. तो माझ्या माणसाचा आधीचा. हो, मीच फोन केला. फोटो चांगले काढतो, काय करणार.

म्हणजे प्रदर्शनाचा विषयच ही साखळी आहे. कामं एकमेकांना उत्तरं देतात. भरतकामातला हात ठशातल्या हातासारखा आहे, कारण तो त्याच बाईचा हात आहे. फोटोग्राफरच्या एका फोटोत जो पाठमोरा माणूस आहे, त्याच पाठीवर मी पडदा रंगवलाय. हे सांगितलं नाही तर बघणाऱ्याला सात जणांचं सुटं सुटं सामान दिसेल. सांगितलं तर शाळेतल्या बाईची नोकरी आणि माझ्या आईची झोप दोन्ही जातील. (आईला ठाऊक आहे. आत्याला नाही. मंडईला आत्या येते.)

तर विचारायचं आहे ते असं. नाती उघडी न करता साखळी दाखवता येते का? मिलमालक माझ्या दूरच्या नात्यातले. त्यांना ‘नागपूरकडच्या कलाकारांचं प्रदर्शन’ एवढंच सांगितलंय, पूर्ण सांगू का? दोन रेखाटनं उघड्या शरीराची आहेत, त्यावरून कायद्याचं काही लचांड? आणि गोदामाच्या भिंती चुन्याच्या, पोपडे सुटलेल्या, त्यावर टांगायचं कसं?

लाकूडछाप

मी नागपुरात गॅलऱ्यांसाठी मांडणीचं काम करते. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर रोखठोक आहे: नात्याला दोन टोकं असतात, आणि दोन्ही टोकांची परवानगी असल्याशिवाय ते भिंतीवर जात नाही. ‘माझं मी सांगतो’ हे इथे चालत नाही, कारण तुम्ही तुमचं सांगितलं की शेजारच्याचं आपोआप सांगून होतं. तेव्हा सातही जणांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको. सगळ्यांसमोर कोणी नाही म्हणत नाही. प्रत्येकाकडून लिहून घ्या: नाव पूर्ण, अर्धं की टोपण, फोटो चालेल का, वर्तमानपत्रात आलं तर चालेल का.

दुसरं, मजकुरात नातं न लिहिताही मांडणी बोलते. तुम्हीच म्हणताय की हात सारखा आहे. मग ते भरतकाम आणि तो ठसा शेजारी लावा, मध्ये वीतभर जागा, बाकी सगळीकडे दोन-दोन हात. ज्याला पाहायचं तो पाहील.

आणि गावाला कळणार नाही हा धाक सोडा. बडोद्याचे समलिंगी चित्रकार भूपेन खख्खर यांनी न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारे असे लोक रंगवले, स्वतः अर्धा दिवस हिशेब तपासायचं काम करून. पुढे १९८१ साली ‘यू कान्ट प्लीज ऑल’ केलं. त्यात गच्चीत एक नागडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, पोरगा आणि गाढवाची गोष्ट चाललीय. ती गोष्ट तुमच्या गावात दुसरीतल्या पोरालाही माहीत असेल. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, पण ते कळायला लंडनचं डोकं लागत नाही.

तिऱ्हाईत

हे सगळं मुंबई-पुण्यात करा ना. गावच्या मंडईत लेकरंबाळं असतात. कशाला उगीच?

पडदेवाला

@तिऱ्हाईत, मुंबईला माझी आई येणार नाही. आणि त्या खडूवाल्या बाईची चित्रं ज्या गावांची आहेत ती गावं मुंबईला जाणार नाहीत. लेकरांचं म्हणाल तर उघड्या शरीराची दोन चित्रं आतल्या खोलीत पडद्याआड ठेवतोय, बाहेर पाटी लावून.

रातपाळी

भाऊ, मी वडश्याच्या एका कंपनीत लाइट पाह्यतो. तुमचे पडदे म्या टांगले असतीन, सांगता येत नाई.

मिलवाल्याले आधीच सांगून टाका. पूर्ण. मागून मालूम झालं ना, तर चित्रावून नाई, ‘मले अंधारात ठेवलं’ ह्यावून भडकन तो. आमच्याकडच्या मानसाले झाकलेलं आवडत नाई, उघडं एकवेळ पचते. नाई म्हनलाच तर आठ दिस आधी नाई म्हनू द्या, मंडईच्या सकाळी नको.

दुसरी गोष्ट टाइमाची. दुपारी दंडार, तवा गर्दी घरच्या मानसांची राह्यते. बायाबापड्या, म्हातारे, लेकरं. हे लोक आरामात पाह्यतीन. अंधार पडला का पिनारे निंगतेत, न नाटक सुरू व्हाले उशीर राह्यते, तवा पोट्टे रिकामे फिरतेत. सातले गोदामाले कुलूप. मले म्हाताऱ्यायचं भेव नाई, मोबाइलवाल्या पोट्ट्यायचं हाये. एकानं व्हिडिओ काढला का झालं. दारावर फोन ठेवाले टोपली ठेवा न एक दनगट मानूस बसवा.

न ते बाईच्या सोंगाचं. आमी स्टेजवर रोज पाह्यतो बाप्पा. लुगडं घालून आला का टाळ्या, तेच लुगडं सकाळी दिसलं का गोटे. काहून, मलेही नाई समजलं अजून.

वकिलीण_वरोरा

कायद्याचं थोडक्यात.

समलिंगी संबंध गुन्हा नाही, ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा नवतेजसिंग जोहर निकाल. लग्नाची मान्यता मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारली, त्यामुळे ‘पती’ किंवा ‘पत्नी’ असं कागदोपत्री कुठे लिहू नका, चित्राखाली काय लिहिता तो तुमचा प्रश्न. लैंगिक कल हा खासगीपणाचा भाग आहे, हे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आलेलं आहे. तेव्हा वर लाकूडछाप म्हणतात ती दोन टोकांची परवानगी नुसती सभ्यता नाही, गंभीरपणे घ्या. तुमच्या ट्रान्स सहकाऱ्यासाठी २०१९ चा कायदा आहे. त्याचं कलम १८ वाचून ठेवा. सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवणं, शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, याला सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा आहे.

उघड्या शरीराचं: अश्लीलतेचं जुनं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे, १ जुलै २०२४ पासून. कलेच्या हिताचा अपवाद त्यात आहे. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या प्रकरणात सांगितलं. कस्टम्सने अडकवलेली सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं सोडायला मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लावलं. हे निकाल तुमच्या बाजूचे आहेत, पण रात्री नऊ वाजता ठाण्यातला हवालदार निकाल वाचून येत नाही. म्हणून मिलमालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीला आणि ठाण्याला आधीच एक माहितीपत्र, पोच घेऊन. पत्रात ‘चित्र व हस्तकला प्रदर्शन’ लिहा, ते खरंच आहे. भोंगा लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री दहानंतर नाही.

पडद्याआडची खोली हा चांगला विचार. ती कायम ठेवा.

सुतळी

टांगण्यावर कोणीच बोललं नाही म्हणून. चुन्याच्या पोपड्या भिंतीत खिळा ठोकू नका, खिळा राहणार नाही आणि पोपडे चित्रावर पडतील. डेकोरेटरकडून कनातीचे बांबू आणा, भिंतीपासून हातभर पुढे आडवे-उभे बांधा, मागे मांजरपाट ताणून लावा. पांढराशुभ्र नको, कोरा पिवळट घ्या, धूळ दिसत नाही. गोदामात तुसाची धूळ कितीही झाडली तरी राहतेच. आदल्या दिवशी पाणी शिंपडून झाडा, त्याच दिवशी नाही, नाहीतर दमट हवेत कागद फुगेल.

कागदावरची कामं सुतळी आणि क्लिपांवर. क्लिप आणि कागदाच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, नाहीतर वळ उठतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आत ठेवा. गॅलरीवाले थोडं वर लावतात, पण तुमच्याकडे बाया आणि लेकरं बघणार. मातीची भांडी जमिनीवर, धानाच्या पोत्यांच्या पायऱ्या करून. उंदरांचं काय ते बघा, रात्री भरतकाम तिथे सोडू नका.

हॅलोजन तर बिलकूल नको. खडू मेणाचा किंवा तेलाचा असेल तर उष्णतेने मऊ पडतो, आणि कीटक जमतात. पिवळट एलईडी घ्या, बाजूने तिरके मारा. मंडईत सगळा लोड नाटकाच्या मंडपाकडे जातो, तेव्हा लाइट जाणार हे धरून चाला.

पडदेवाला

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगतो.

मिलमालकांना सांगितलं. चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘त्या नागपूरच्या पोट्ट्याचं आणि तुझं भांडण तर नाही ना, माझ्या गोदामात तमाशा नको.’ म्हणजे त्यांना सगळं आधीच माहीत होतं! संमतीपत्रावर सही झाली. अट एकच, त्यांचं नाव आभाराच्या पाटीवर नको. माझी हरकत नाही.

सातही जणांना वेगवेगळं विचारलं. मंडईत एक बरं असतं: घरात पाहुणा येतो, त्याच्यासोबत त्याचा मित्र, मित्रासोबत मेहुणा, आणि ‘हा कोणाचा’ असं विचारलं तरी ‘ह्याच्यासोबत आलाय’ एवढ्यावर भागतं. ताट वाढलं जातं. तर प्रत्येक कामाखाली कलाकाराच्या पसंतीचं नाव आणि ‘यांच्यासोबत आले’ म्हणून आधीच्याचं नाव, एवढंच लिहायचं मी सुचवलं. साखळी दिसेल, नातं ज्याचं त्याच्याकडे. पाच जणांना पटलं. खडूवाल्या बाईने तर स्वतःचं निवडलेलं नाव मोठ्या अक्षरात मागितलं, फोटोसकट. तिच्या गावचे लोक येतील तेव्हा वाचू देत, म्हणाली.

अडलं लाकूडठसेवाली आणि भरतकामवाली यांच्यापाशी. शाळेतल्या बाईंना पाटी चालते, टोपणनावाने. दुसरीला चालत नाही. ती म्हणते, इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला ‘माझ्यासोबत आलेली’ लिहू का? घरमालकाला हेच सांगते, बँकेत हेच सांगते, निदान इथे तरी नको. काहीच लिहू नका, कोरं ठेवा. मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं आणि शाळेतल्या बाईंची भीतीही बरोबर वाटते.

लाकूडछाप

मग कोरंच ठेवा. दोन्ही कामं एकाच चौकटीत लावा, पाटी नाही. कोणी विचारलं तर त्या दोघींपैकी जी तिथे असेल ती सांगेल किंवा सांगणार नाही. बाकी पाच पाट्या आणि एक मोकळी जागा, हे नजरेत भरेल ना?

पडदेवाला

भरेल, हीच भीती आहे. पण दोघींनी ‘एक चौकट’ला होकार दिलाय. मापं घेतली, ठसा थोडा मोठा आहे, भरतकामाला भोवती कापड लावावं लागेल. सुतारकाम मीच करतोय, पडद्याच्या चौकटी आयुष्यभर ठोकल्यात.

एवढं उरलंय: मंडईच्या दोन दिवसांसाठी वडसा, ब्रह्मपुरी किंवा नागभीडकडे कोणाकडे भाड्याने इन्व्हर्टर मिळेल का? बॅटरी चांगली असलेला. मंडपवाल्यांचे सगळे आधीच बुक आहेत. आणि दारावर बसायला एक दणकट माणूस. @रातपाळी, तुमच्या कंपनीचा त्या दिवशी प्रयोग कुठे आहे?

रातपाळी

तुमच्याच शेजारच्या गावात हाये. दुपारी रिकामाच राह्यतो म्या. सातपर्यंत बसतो दारावर, मंग मले लाइटवर जा लागन. इन्व्हर्टरचं पाह्यतो, कंपनीचा एक जुना पडला हाये, पानी टाकून पाहू.