मदत हवी आहे: न्हाणी ट्रॅप साफ आहे, तरी शॉवरचं पाणी तुंबतंय

इंदूर, दुसरा मजला, बोअरचं जड पाणी. न्हाणी ट्रॅपची (मोरीतलं, गटाराचा वास अडवणारं भांडं) जाळी काढली, आतली वाटी उचलली. केसांचा गुंता आणि साबणाचा करडा थर निघाला, हाताला चुन्यासारखा खरखरीत. (जड पाण्यात साबण फेसाळत नाही, साका धरतो, केस त्यालाच चिकटतात.) वाटी परत नीट बसवली, नाहीतर गटाराचा वास वर येतो.

तरीही अर्धी बादली ओतली की पाणी जाळीवर तुंबतं आणि दहा मिनिटांनी उतरतं. बेसिन सोडलं की जाळीतून गुडगुड आवाज येतो. म्हणजे अडथळा ट्रॅपच्या पुढे, ७५ मिमीच्या आडव्या पाइपात असणार.

कॉस्टिक सोडा टाकायचं नाहीये: साचलेल्या पाण्यात ते तापतं, पुढे पाइप उघडणाऱ्याचे हात भाजतात. आधी टॉयलेटचं अ‍ॅसिड पडलं असेल तर विचारूच नका.

प्रश्न एवढाच: पाइप मोकळा करायची पाच मीटरची स्प्रिंग वरून, ट्रॅपच्या वळणातून घालावी, की शाफ्टमधल्या (पाइपांच्या उभ्या डक्टमधल्या) डोअर बेंडचं, म्हणजे झाकणवाल्या वळणाचं, झाकण उघडून उलट्या दिशेने? वळणात स्प्रिंग अडकली तर पीव्हीसीचा सांधा सुटतो का? आणि इंदुरात स्प्रिंग भाड्याने कुठे मिळेल?