तिवरांकडे जाणारं भरतीचं पाणी कुणीतरी अडवलंय, तक्रार नक्की कुठे करायची?

खारवारा:
नमस्कार मंडळी. मी रायगड जिल्ह्यात खाडीकाठी राहतो, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. घरापासून दहा मिनिटांवर तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, मोठा पट्टा आहे, त्याच्या मधून एक कच्चा रस्ता जातो आणि रस्त्याखाली सिमेंटचे तीन पाइप आहेत, भरतीचं पाणी त्यातूनच पलीकडे जायचं. गणपतीनंतर कधीतरी ते बंद झाले. आधी वाटलं गाळ बसला असेल पण परवा ओहोटीला खाली उतरून बघितलं तर पाइपांच्या तोंडाशी मोठाले दगड, सिमेंटच्या भरलेल्या गोण्या आणि वरून मुरूम टाकून दाबून घट्ट केलेलं. म्हणजे हे कुणीतरी बसून केलंय. पलीकडची जमीन भेगाळलीय, त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा आलाय आणि तिवरांची पानं पिवळी पडून गळतायत. मुलीला घेऊन तिथे निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) बघायला जायचो, चिखलावर टुणटुण उड्या मारत असायच्या, परवा अर्धा तास उभा होतो, एक नाही दिसली.

रात्री डंपरचे आवाजही येतात. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले ही जमीन आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या ऑफिसात विचारलं झाडं तोडलीत का, म्हटलं नाही, मग म्हणाले तोडली की या. झाडाला हात न लावता नुसतं पाणी अडवून झाड मारलं तर तो गुन्हा नाही का? आणि तक्रार केली तर नाव बाहेर येतं का? घरात म्हातारे आईवडील आहेत म्हणून विचारतोय.

चिखलवाट:
दादा, गुन्हा आहे आणि तो सिद्धही करता येतो, फक्त अर्जातली भाषा बदला. "पाणी अडवलं" एवढंच लिहिलंत की समोरचा म्हणणार गाळ साचला असेल. त्याऐवजी लिहा की कांदळवनापासून (सरकारी कागदात तिवरांच्या जंगलाला हेच म्हणतात) ५० मीटरच्या आत दगड-मुरुमाचा भराव टाकलाय. मुंबई हायकोर्टाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशात कांदळवनात डेब्रिज आणि भराव टाकायला बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटरमधली बांधकामं थांबवली, जमिनीचा मालक कुणीही असो. मग १७ सप्टेंबर २०१८ ला अंतिम निकाल आला, त्यात तर कोर्टाने स्पष्ट म्हटलं की कांदळवन नष्ट करणं हा घटनेच्या कलम २१ चा म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालासुद्धा आधी हायकोर्टात जावं लागतं, बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार तिवरं तोडायची परवानगी २०२२ मध्ये कोर्टाकडूनच घ्यावी लागली. त्यामुळे रात्री डंपर आणून भराव टाकणाऱ्याला काही आधारच नाही.

नावाबद्दल: त्याच २०१८ च्या निकालात लोकांना तक्रार करता यावी, फोटो पाठवता यावेत अशी सोय करायला सांगितलंय आणि तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही असंही सांगितलंय. अर्जाच्या पहिल्याच ओळीत हे नमूद करा, तुमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे.

आता "आमच्याकडे येत नाही" चं. सगळी तिवरं वनखात्याच्या नावावर नाहीत, काही महसूलकडे, काही सिडकोसारख्या संस्थांकडे, काही खासगी सातबाऱ्यावर, आणि टोलवाटोलवी नेमकी इथेच होते. म्हणून आधी सातबारा ऑनलाइन काढा, गट नंबर लिहा आणि एकच अर्ज तहसीलदार, जिल्हाधिकारी, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि कोकण विभागीय आयुक्त (कांदळवनाच्या कमिटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे) अशा सगळ्यांना पाठवा आणि प्रत कुणाकुणाला दिलीय ते खाली लिहा. मग एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तरी दुसऱ्याच्या टेबलावर तोच कागद असतो. इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

खाडीवरची:
भाऊ, मी कोळीवाड्यातली, आमचं घरच खाडीवर चालतं म्हणून सांगते. फोटो ओहोटीला काढलात तर त्यात काहीच कळत नाही, चिखल इकडेही चिखल तिकडेही. अमावास्येला नाहीतर पुनवेला जा. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला भरते, आत खाडीत थोडी उशिरा. तेव्हा रस्त्यावर उभं राहून एका बाजूचा फोटो घ्या, जागेवरून न हलता फक्त तोंड फिरवा आणि दुसऱ्या बाजूचा घ्या. एकीकडे तिवरांच्या बुंध्यापर्यंत पाणी आणि दुसरीकडे कोरडी भेगाळलेली जमीन, मधे फक्त रस्ता. आमच्याकडे असंच झालं होतं तेव्हा साहेबांना लेखी चार पानं दिली होती पण ते हलले दोन फोटो बघून.

आणि घाई करा. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात ना, झाड त्यातूनच श्वास घेतं. पाणी येणं-जाणं बंद झालं की आधी तीच काळी पडून मोडायला लागतात, पानं नंतर जातात. मुळं हाताला अजून ओली, लवचिक लागत असतील तर झाड वाचेल. एकदा का पट्टा वाळला की येणारा साहेब म्हणतो इथे तर झाडंच नाहीत, आणि पाइप बुजवणाऱ्याला तेच पाहिजे असतं. झाडापुरतं नाहीये हे भाऊ, कोळंबी आणि जिताड्याची पिल्लं त्या मुळांतच वाढतात, तिवर गेलं की आमच्या जाळ्यात काय येणार?

शेतबांध:
सगळ्यांचं बरोबर आहे पण आमची बाजूही ऐका. वडिलांची साडेतीन एकर खार जमीन होती, भात पिकायचं. बाहेरचा बांध फुटला, उघाडी (खारं पाणी अडवणारी बांधातली झडप) मोडली, दुरुस्तीसाठी अर्ज करून करून वडील गेले पण बांध काही झाला नाही. खारं पाणी शिरलं आणि पंधरा वर्षांत तिथे तिवरं उभी राहिली. आता ना शेती करता येत, ना कुणी विकत घेत, सातबारा आमच्या नावावर आणि हात लावला तर आम्ही गुन्हेगार. तिवरं नकोत असं मी म्हणत नाही, पण पाणी अडवणारा प्रत्येक माणूस भूमाफिया नसतो. तक्रार करण्याआधी तो शेतकऱ्याचा जुना बांध तर नाही ना एवढं बघा.

चिखलवाट:
शेतबांध, तुमचं दुखणं खरं आहे आणि त्याची भरपाई तुम्हाला मिळायलाच पाहिजे, बांध वेळेवर झाला असता तर हा प्रश्नच आला नसता. आणि बघून घ्या हेही बरोबर. खारवारा, कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, त्यात त्याच जागेचे मागच्या वर्षांचे सॅटेलाइट फोटो बघता येतात. शेताचा जुना बांध असेल तर आखलेली खाचरं दिसतील. तिवरं आधीपासून असतील तर गडद हिरवा पट्टा वर्षानुवर्षं दिसेल आणि या वर्षी तो तपकिरी. त्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट जोडा. सार्वजनिक रस्त्याखालचा पाइप गोण्या भरून बुजवणं हे तर कुठल्याच शेतीचं काम नाही.

टेकडीवाला_पुणे:
मी खाडीवरचा नाही, रोज पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणारा आहे, पण एक अनुभव सांगतो. टेकडी आजवर टिकली त्यात रोज चालायला येणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे. कुठे नवीन खुणेचा दगड रोवला, कुठे जेसीबीच्या चाकाचे ठसे दिसले की त्याच सकाळी दहा जणांना माहीत होतं. टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ मध्ये एवढी माणसं रस्त्यावर उतरली ती एकदम कुठून आली नव्हती, वर्षानुवर्षं एकमेकांना तिथे भेटत होती. तुम्हीही एकटे जाऊ नका. तीन-चार घरं जोडा, वार वाटून घ्या आणि वही ठेवा, तारीख, वेळ, काय दिसलं, कुणी बघितलं. डंपरसमोर मात्र कुणीही उभं राहू नका, लांबून ११२ ला फोन करा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकारात विचारा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे "का केलं नाही" वगैरे लिहू नका, फक्त अमुक इनवर्ड नंबरच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली त्याच्या प्रती मागा आणि फाइल बघायला मागा, तो हक्क कायद्यात आहे. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही.

खारवारा:
उशिरा लिहितोय, माफ करा. ताई, तुम्ही सांगितलं तसं पुनवेला गेलो, मी, शेजारचे काका आणि त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी. भर उन्हात रस्त्यावर उभं राहून दोन्ही बाजूंचे फोटो काढले. डाव्या बाजूला पाणी रस्त्याला लागायला हातभर बाकी आणि उजव्या बाजूला मी चप्पल घालून चालत गेलो. मुळं हातात घेऊन बघितली, रस्त्यालगतची मोडली, आतल्या बाजूची अजून वाकतात.

जुने सॅटेलाइट फोटोपण काढले, पट्टा आधीपासून हिरवागार दिसतोय, शेतबांध दादा, खाचरं कुठेच नाहीत. अर्ज चार ठिकाणी दिला, इनवर्ड नंबर आहेत. अकराव्या दिवशी दोन माणसं आली, पंचनामा झाला, काकांनी आणि मी पंच म्हणून सही करायला नकार दिला कारण अंतर टेप न लावता "अंदाजे ६० मीटर" लिहिलं होतं. काकांनी घरून टेप आणली, मोजलं, सगळ्यात जवळच्या तिवरापासून भराव ४ मीटरवर भरला. तो आकडा लिहिल्यावर सह्या केल्या. एक पाइप त्याच आठवड्यात मोकळा केलाय, पहिल्या भरतीला पाणी आत शिरताना बघत आम्ही तिथेच बसून होतो. बाकीचे दोन अजून बंद आहेत आणि गोण्या कुणी टाकल्या त्याचं नाव कागदावर आलेलं नाही, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय, १४३ शब्दांत बसलाय. येत्या अमावास्येला परत त्याच जागेवरून फोटो काढणार आहोत. उरण-पनवेल-पेणकडचं कुणी येणार असेल तर मेसेज करा, साडेअकराला निघतो.