20 डिसेंबरची पंगत आणि आबाजींचा गंज

बंडूकाका: राम राम मंडळी. 20 तारखेले गाडगेबाबाची पुण्यतिथी, पंगतीले 11 दिवस रायले. 23 घरांपैकी 9 घरची वर्गणी आली. दरसाल मीच काहून मांगत फिरू? आबाजी असते तं कोनाले आठवन करून द्या लागली नसती. बोललो तं वाईट बंडूच.

नानाजी: वर्गणी घरटी 1500. जमा 9, बाकी 14. ज्यांची बाकी आहे त्यांनी बंडूकडे द्यावी. 🙏

गोलू: मंदाकाकूचे लाडक्या बहिणीचे 1500 सरळ तिकडेच वळवा, हिशेब बराबर बसते 😂

मंदाकाकू: गोल्या, ते माहे हायेत. नजर नको लावू.

सोनू पुणे: काका नमस्कार. माझे आत्ताच पाठवले. एक सुचवू का, राग मानू नका. 600 पानं उठतात, त्यात खरोखर भुकेलं कोण असतं? निम्मे लोक बुलेटवर येतात. तेवढ्या पैशात आपल्या जुन्या सालदाराच्या नातीची फार्मसीची फी भरून होईल. गाडगेबाबांनाही हेच पटलं असतं.

बंडूकाका: हा मेसेज हटवण्यात आला आहे

गोलू: काका, हटवला पन आमी वाचला 🙈

वैशूताई नागपूर: सोनू, ती ओबीसीत आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या कितीतरी आत. अशा मुलींची फी सरकारनं 2024-25 पासून माफच केली आहे. माफ नाही ती मेस आणि खोलीभाडं. तिथंच पोरी अडकतात आणि घरी परत येतात. माझ्या वर्गातल्या दोघी आल्या. मदत करायची तर त्याची करू.

आत्या अमरावती: गाडगेबाबाच्या दशसूत्रीत पयलं काय हाय? भुकेल्याले अन्न. शिक्षन मंगचं.

सोनू पुणे: आत्या, भुकेल्यालाच ना पण?

आत्या अमरावती: पान मांडल्यावर तू खरंच भुकेला हायेस का म्हून इचारत नसतात बापू. तुह्या मुंजीत कोनाले इचारलं होतं?

वैशूताई नागपूर: बाबांनी स्वतःच रीत मोडली होती आत्या. लेकीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोड जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद नाराज झालेच होते. रीत बदलली म्हणजे आबाजींचा अपमान होत नाही.

बंडूकाका: आबाजी 14 वर्षांचे होते 56 साली. बाबानं वलगावजवळ देह ठेवला हे समजल्यावर पायी अमरावतीले गेलते. तवापासून घरात 20 डिसेंबर हाय. तुमाले नागपूर-पुन्यात बसून रीत बदलता येते. इथं सोयाबीन पान्यात सडलं, लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलले 8110, अन् व्यापारी दारात येऊन काय मांगते ते मले इचारा. तरी मी पयली वर्गणी देल्ली.

नानाजी: वर्गणी घरटी 1500. जमा 10, बाकी 13. सोनूचे आले. ज्यांची बाकी आहे त्यांनी बंडूकडे द्यावी. 🙏

मंदाकाकू: पैशाचं होऊन जाईन. रोडगे कोन करनार हाय ते बोला. मांगच्या साली आमी चौघी होतो, यंदा एकीचे गुडघे गेले. कनीक जाडी दळून आना, तीन-चार पोया तेल लावून एकावर एक ठेवा, गोळा बांधा, मंग इस्तवात. वरून काळा अन् आतून कच्चा रायला तं नावं आमालेच.

बंडूकाका: अन् गोवऱ्या? गावात बैलजोड्या रायल्या किती? शेन नाही तं गोवरी कुठची. मांगच्या साली दुसऱ्या गावाहून टेम्पोनं आनल्या, भाडं मी भरलं. कोनी इचारलं?

सोनू पुणे: मग गॅसवर पुऱ्या का नाही करत? कॅटररला द्या.

मंदाकाकू: पुऱ्या लग्नात खाय बाबू.

गोलू: सोनूदादा, तू फक्त झाडू घेऊन ये. बाबा कीर्तनाच्या आधी गाव झाडत होते. रील पन होईन 😎

बंडूकाका: आनखी एक. आबाजीचा मोठा गंज, ते भाजीचं पातेलं, कुठी हाय? वांग्याची भाजी त्यातच होते. आत्याच्या घरच्या लग्नात गेलता, मंग कोनी पायला नाही. मी नाव घेत नाही कोनाचं.

आत्या अमरावती: घेतलंस ना रे नाव! लग्नाच्या तिसऱ्या दिवशी गंज, दोन कोपरं अन् सराटे पोचते केले. घासून. चिंच लावून. तुह्या बायकोले इचार.

मंदाकाकू: मले नका ओढू याच्यात.

नानाजी: वर्गणी घरटी 1500. जमा 10, बाकी 13. विषयावर बोलावे. 🙏

दर्यापूरचे भाऊजी: मी ग्रुपवर लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. हिच्या कॅन्सरच्या वेळी मुंबईला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. पहिल्या दिवशी मी तिथल्या पायरीवर बसून रडलो. शेजारी परभणीकडचा एक माणूस होता, त्यानं डब्यातली अर्धी भाकर पुढे केली. मी भुकेला होतो की नाही, मला आजही सांगता येणार नाही. माझे 3000 धरा. 1500 पंगतीचे, 1500 त्या पोरीच्या मेसचे.

वैशूताई नागपूर: 🙏🙏

सोनू पुणे: भाऊजी 🙏 माझेही तसेच करा. अजून 1500 पाठवतो. आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. शनिवारी सकाळी विस्तवापाशी बसवा मला.

मंदाकाकू: पोळशीन. फुल बाह्याचा शर्ट आन.

गोलू: फोटो 📷

गोलू: काकांच्या कापसाच्या खोलीत मोबाईल चार्जिंगले लावाले गेलो होतो. कोपऱ्यातला कापूस सरकवला तं हे. बुडावर आबाजीचं नाव कोरलेलं स्पष्ट दिसते.

गोलू: कापसाच्या गंजीखाली गंज 😂😂😂

आत्या अमरावती: बंडू.

आत्या अमरावती: बंडू, वाचतोस ना? निळ्या टिका दिसून रायल्या.

मंदाकाकू: मी बोलली होती मले ओढू नका म्हून.

बंडूकाका: कापूस भराले मानसं आली होती, त्यायनं ठेवला असंन. बरं. आत्या, चिंच लावून घासला होता हे खरं हाय, चकाकते अजून. कोनाकडे गोवऱ्या असतीन तं सांगा, शंभरेक तरी लागतीन.

नानाजी: वर्गणी घरटी 1500. जमा 11, बाकी 12. मेसचे वेगळे जमा 3000. गंज जमा 1. ज्यांची बाकी आहे त्यांनी बंडूकडे द्यावी. 🙏