सेंट लुइसची संमती मतदानाची प्रायमरी: एकापेक्षा अधिक नावांवर खूण करू द्यावी का?

धागाकर्ता

अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या सेंट लुइस शहरात १९४९ नंतर एकही रिपब्लिकन महापौर झालेला नाही, त्यामुळे तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी (मुख्य निवडणुकीआधीची उमेदवार निवडण्याची फेरी) हीच खरी निवडणूक ठरत असे. २०१७ च्या प्रायमरीत लायडा क्रूसन अवघ्या ३२ टक्के मतांवर जिंकल्या आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या टिशॉरा जोन्स ८८८ मतांनी मागे राहिल्या, कारण उरलेली मते अनेक उमेदवारांत विखुरली होती. हा अनुभव ताजा असतानाच नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ६८ टक्के मतदारांनी ‘प्रोपोझिशन डी’ हा निवडणूक सुधारणेचा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार मार्चमधील प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, मतदार मान्य असलेल्या कितीही उमेदवारांपुढे खूण करतो (हेच संमती मतदान) आणि सर्वाधिक खुणा मिळवणाऱ्या दोघांत एप्रिलमध्ये अंतिम लढत होते.

(आपल्याकडच्या चार सदस्यीय प्रभागाशी याची गल्लत करू नये. तिथे चार मते चार वेगवेगळ्या जागांसाठी असतात. इथे जागा एकच आहे.)

माझ्या मते पहिल्या फेरीसाठी याहून सोपी आणि न्याय्य पद्धत नाही. मतमोजणी साधी बेरीज असते, आणि सारख्या विचारांचे तीन उमेदवार उभे राहिले म्हणून ते तिघेही पडत नाहीत.

प्रतिसाद १ (विरोधात)

साधेपणा मान्य आहे, परंतु तो मोजणाऱ्याचा आहे, मतदाराचा नव्हे. मला ‘अ’ फार आवडतो, ‘ब’ चालून जाईल आणि ‘क’ नकोच, अशी स्थिती असेल तर ‘ब’पुढे खूण करावी की नाही, हा प्रश्न पद्धत माझ्यावरच सोडते. खूण केली तर ती माझ्याच ‘अ’ला मागे टाकू शकते, नाही केली तर ‘क’ पुढे सरकतो. चतुर मतदार मग एकाच नावावर थांबतो. मार्च २०२१ मध्ये चार उमेदवारांच्या टक्केवाऱ्या ५७, ४६, ३९ आणि १४ होत्या, म्हणजे एका मतपत्रिकेवर सरासरी सुमारे १.६ खुणा. २०२५ मध्ये ६८, ३३, २५ आणि १४, म्हणजे १.४. लोक हळूहळू जुन्याच सवयीकडे परतत असतील, तर या सुधारणेचा उपयोग काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाच मोठ्या गटाने आपल्या दोन्ही आवडत्यांना खूण केली, तर अंतिम फेरीत दोन्ही जागा त्याच गटाच्या होतात. २०२१ मध्ये अंतिम लढतीत पोहोचलेल्या जोन्स आणि कॅरा स्पेन्सर या दोघीही पुरोगामी म्हणून ओळखल्या जात होत्या. तिसऱ्या क्रमांकावरच्या लुइस रीड यांना ३९ टक्के संमती असूनही त्यांचे समर्थक एप्रिलमध्ये कुणाकडे पाहणार होते?

प्रतिसाद २

मला पसंतीक्रम पद्धतच बरी वाटते, म्हणजे मतदाराने उमेदवारांना १, २, ३ असे क्रम द्यायचे. सिअ‍ॅटलमध्ये २०२२ साली प्रायमरीसाठी संमती मतदान आणि पसंतीक्रम असे दोन्ही पर्याय मतदारांपुढे ठेवले होते, आणि त्यांनी पसंतीक्रम निवडला.

धागाकर्ता

प्रतिसाद १ यांनी सरासरी बरोबर काढली, परंतु तिचा अर्थ लावण्यात घाई केली. २०२५ मध्ये मतदारांना तेव्हाच्या महापौर जोन्स यांच्याविषयी कौल द्यायचा होता, आणि अशा वेळी पर्यायी नावांची गरज कमी भासते. कमी खुणा म्हणजे पद्धतीवरचा अविश्वास, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय प्रायमरीतले स्पेन्सर यांचे ६८ आणि जोन्स यांचे ३३ हे आकडे एप्रिलमध्ये साधारण ६४ आणि ३६ झाले, म्हणजे स्पेन्सर यांच्या विजयाची चाहूल प्रायमरीने अचूक दिली होती.

एकाच गटाचे दोन उमेदवार पुढे जाण्याचा धोका मात्र मी नाकारत नाही. तरीही ५७ आणि ४६ टक्के संमती असलेल्या जोन्स आणि स्पेन्सर यांच्यात अंतिम निकाल ५२ विरुद्ध ४८ इतका चुरशीचा लागला. एकच गट दोघींच्या मागे असता, तर त्याला निवड इतकी अवघड का गेली असती? रीड यांच्या मतदारांना एप्रिलमध्ये पर्याय उरला नाही हे खरे नाही; त्यांच्याच मतांसाठी दोघींना झगडावे लागले.

प्रतिसाद १

आकडा चुरशीचा होता, म्हणून पर्याय खरा होता असे होत नाही. दोन जवळच्या भावंडांतही लढत अटीतटीची होऊ शकते. आणि अंतिम निकाल पहिल्या फेरीतच कळत असेल, तर पाच आठवड्यांनी पुन्हा खर्च कशाला? उत्तर एकच आहे: संमतीत तीव्रता दिसत नाही, म्हणूनच दुसरी फेरी लागते. पसंतीक्रमात हे काम एका मतपत्रिकेवर होते.

प्रतिसाद ३

एक मुद्दा दोघांनीही सोडला. नॉर्थ डकोटातील फार्गोने २०१८ मध्ये हीच पद्धत स्वीकारली, तीही दुसऱ्या फेरीशिवाय, आणि २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने संमती मतदान व पसंतीक्रम या दोन्हींवर बंदी घातली. मिझुरीत २०२४ ची घटनादुरुस्ती पसंतीक्रमावर बंदी आणते, पण सेंट लुइसला वगळते. म्हणजे तुम्ही दोघे ज्या पर्यायांची तुलना करत आहात, त्यांपैकी पसंतीक्रम मिझुरीतल्या इतर शहरांना आता नव्याने स्वीकारताही येणार नाही. मग प्रतिसाद १ यांना विचारतो: समोर संमती मतदान आणि २०१७ ची जुनी पद्धत एवढेच दोन पर्याय असतील, तर तुमची खूण कुठे?

प्रतिसाद १

तसे असेल तर संमतीपुढे, आणि फक्त तिच्याचपुढे.