जॉन ब्रनर: कामगारांचा कैवारी की पक्का हिशेबी?

मीठभाकर (धागाकर्ता): टाटा केमिकल्सने २००६ मध्ये ब्रनर मोंड ही इंग्लिश सोडा कंपनी घेतली, एवढं आपल्याकडे काहींना ठाऊक असतं. त्यातला ब्रनर मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. लिव्हरपूलच्या शाळामास्तराचा हा मुलगा विडनेसच्या सोडा कारखान्यात कारकून होता. तिथेच त्याला रसायनतज्ज्ञ लुडविग मोंड भेटला आणि १८७३ मध्ये दोघांनी चेशायरमधल्या विनिंग्टनला सॉल्वे पद्धतीचा कारखाना काढला. खारं पाणी, अमोनिया आणि चुनखडी यांपासून काचेला नि साबणाला लागणारा सोडा. जुन्या लब्लां पद्धतीसारखा आम्लाचा धूर नाही, कुजक्या अंड्यांच्या वासाचे ढिगारे नाहीत. १८८४ मध्ये भरपगारी रजा, १८८९ मध्ये बारा तासांची पाळी आठ तासांवर. त्या काळात असे कारखानदार किती होते?

खडूस: अहो, यात माणुसकी कसली? सोडा बनवायचे ते मनोरे रात्रंदिवस चालतात. बाराव्या तासाला पेंगणाऱ्याने व्हॉल्व्ह चुकवला की अमोनिया हवेत, आणि अमोनिया म्हणजे रोकडा पैसा. तीन पाळ्या हा शुद्ध व्यवहार.

मीठभाकर: असेल. मग बाकीच्यांना का नाही सुचला? हिशेब त्यांनाही येत होता की.

चाकरमानी_ठाणे: आणि सिल्व्हरटाउन? लंडनच्या दाट वस्तीतल्या याच कंपनीच्या कारखान्यात टीएनटी हे स्फोटक शुद्ध करायचे. १९ जानेवारी १९१७ च्या संध्याकाळी सुमारे ५० टन उडालं, ७३ माणसं गेली. अध्यक्ष ब्रनरच. युद्धाआधी हाच गृहस्थ आरमारावरच्या खर्चाविरुद्ध बोलत होता!

मीठभाकर: वस्तीत हे काम नको, असं कंपनीने आधी सांगितलं होतं. सरकारने युद्धाचं कारण पुढे करून रेटलं.

खडूस: म्हणजे धोका ठाऊक होता. अजाणतेपणी घडलं असतं तर सोडून दिलं असतं एक वेळ.

सांजवात: विनिंग्टनशेजारच्या नॉर्थविच गावाचं कुणी काढलंच नाही. जमिनीखालचं खारं पाणी उपसून उपसून तिथली घरं खचत होती, दुकानं रस्त्यावर कलली होती. तिथल्याच खासदार ब्रनरने भरपाईचा कायदा लावून धरला, १८९१ मध्ये तो झाला. स्वतःची कंपनी त्याच पाण्यावर चालत असताना! यात कुठला हिशेब, ते खडूसरावांनी सांगावं.

खडूस: मतांचा. १८८६ मध्ये तो एका मीठ कारखानदाराकडूनच पडला होता.