प्रति: क्षेपणास्त्रं आली आणि तोफा निकालात निघाल्या?

वर चर्चेत म्हटलंय की जेट आल्यावर डॉगफाइट, म्हणजे लढाऊ विमानांची जवळून होणारी झुंज, संपली, पुढचं सगळं क्षेपणास्त्रांचं काम. आपल्याकडचा १९७१ चा अनुभव तरी वेगळा आहे. २२ नोव्हेंबरला, म्हणजे युद्ध रीतसर सुरू व्हायच्या आधीच, पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळच्या बोयऱ्यावर आपली चार नॅट आणि पाकिस्तानची तीन सेबर ही लढाऊ विमानं भिडली. नॅटकडे क्षेपणास्त्र नव्हतं, शोधक रडारही नव्हतं. जमिनीवरचा नियंत्रक सांगेल तिकडे जायचं, शत्रू डोळ्यांनी हुडकायचा आणि ३० मिमीच्या दोन तोफा चालवायच्या, बस्स. दोन सेबर पडली. पकडलेल्या दोन वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले!

एक मुद्दा इथे कुणीच काढला नाही, तो म्हणजे आकार. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात नॅट आहे, शेजारी उभं राहून बघा. पंखांचा पसारा जेमतेम २२ फूट, सेबरचा ३७. हवेचं तोंड आणि त्याला चिकटलेली तोफ दोन्ही हाताच्या अंतरावर. एवढंसं चिलट आकाशात दिसणार कसं? अर्थात १९६५ मध्ये याच तोफा ऐन वेळी अडकायच्या, तेही खरंच.